बाबांच्या बातमीची अडवलेली लिंक

रविवार, ९ नोव्हेंबर

दुरुस्ती. एकतीस तारखेला लिहिलं होतं — "बाबांच्या अंत्यविधीला त्यांच्या होडी क्लबचं कुणीही आलं नाही. दगड आहेत सगळे." चूक! त्यांना कळलंच नव्हतं.

अंत्यविधीची व्यवस्था बघणारे गिलहूली आज चर्चबाहेर भेटले. "सेव्ह, पोरी, गावच्या ऑनलाइन पानावरच्या अंत्यविधीच्या बातमीची लिंकच अडवली गेली होती. अख्ख्या गावाने तासाभरात तीच लिंक पुढे पाठवली ना! लिंक तपासणाऱ्या यंत्राला वाटलं, भामट्यांची टोळी आलीय." शेजाऱ्यांना तोंडोतोंडी कळलं. लांबच्यांना, होडी क्लबलाही, काहीच नाही.

आणि मी त्यांना मनात काय काय बोलले! बाबांनी आम्हाला घरीच शिकवलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. चूक खोडायची नाही, खाली बरोबर लिहायचं. म्हणून ते पान तसंच ठेवलंय.

सोमवार, १०

लिंक अडवणाऱ्या साइटला तक्रार पाठवली. "कृपया" तीनदा आलं होतं. एक काढलं.

गुरुवार, १३

लिंक उघडली! खाली कुणा आनाच्या दोन ओळी — "मी स्वतः पाहिलं. ही अंत्यविधीचीच बातमी आहे. माफ करा." यंत्र नव्हे, माणूस! उलट उत्तर पाठवायची सोय नाही. मग इथेच म्हणते — आना, फार फार आभार.

रविवार, १६

होडी क्लब दारात! अख्खा! हॅम सँडविच, केक, किटलीवर किटली चहा. क्लबातला टेरेन्स म्हणाला, "तुझा बाप वल्हं कमी मारायचा, हुकूम जास्त सोडायचा." आई हसली — बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. किती चांगली माणसं! माझी लायकी नव्हती.

फक्त मॅलकी काका नाहीत. बाबांचा एकुलता भाऊ, समुद्रापलीकडे होलीहेडला. भांडण झाल्यापासून नऊ वर्षं बोलणं बंद. आई अंत्यविधीच्या वेळीच म्हणाली होती, "मी फोन करणार नाही. गावचं पान तो रोज बघतो. कळेल त्याला." आता तर लिंकही उघडी आहे. म्हणजे कळलं, आणि तरी गप्प! हे मात्र मी चुकीचं लिहीत नाहीये.

शुक्रवार, २१

पोस्टाने वाढदिवसाचं कार्ड आलं. बाबांच्या नावाने. अक्षर मॅलकी काकांचं.

"साठ झालास, गाढवा. पुरे झालं आता. नाताळला येऊ का?"

आईने वाचलं. माझ्या हातात दिलं. "फोनवर नको सांगूस," एवढंच म्हणाली.

उद्या, शनिवार, २२ नोव्हेंबर. सकाळच्या बोटीने होलीहेडला निघते.