मेंढ्यांच्या वाटेच्या अकरा फाइली

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. हे आता सांगून तुमच्या काही कामाचं नाही, तरी लिहितोय.

निवृत्त झाल्यावर तुम्ही हाताच्या पंजात मावेल एवढा व्हॉइस रेकॉर्डर घेतला होता आणि अंतरवालीच्या एका म्हाताऱ्या धनगर बाबांकडे तीन हिवाळे जाऊन बसत होतात. बाबा तरुणपणी मेंढ्या घेऊन गोदावरीकाठापर्यंत जायचे. कुठल्या शिवारात पाणी, कुणाच्या रानात मेंढ्या बसवायच्या, कुठे लांडग्याचं भय, सगळं त्यांच्या तोंडी होतं आणि कुठेच लिहिलेलं नव्हतं. शाळेतल्या पोरांसाठी तुम्हाला त्याचं पुस्तक करायचं होतं. ऐकून उतरवून घेणं सोपं जावं म्हणून त्या फाइली कॉम्प्युटरवर घ्यायला तुम्ही माझ्याकडे आलात. चौथीत तुम्हीच मला शिकवलेलं, त्यामुळे माझं अंबडचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान तुम्हाला घरच्यासारखं.

मी वायर जोडली, अकरा फाइली उतरवल्या आणि त्या वाजेनात. त्या कंपनीचा आवाज साठवायचा स्वतःचाच प्रकार होता, तो फक्त तिच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा, आणि त्याची सीडी तुमच्याकडून हरवली होती. मला तेव्हा यातलं फारसं कळत नव्हतं. फाइलच्या नावाचं शेपूट बदलून मी एमपीथ्री केलं. डब्यावरची चिठ्ठी बदलून आतलं पीठ बदलत नाही, एवढंही सुचलं नाही. तुम्ही स्टुलावर बसून माझ्याकडे बघताय, पदराने चष्मा पुसताय. मी म्हणालो, फाइली खराब झाल्यात.

"बराबर बघितलंस ना?" तुम्ही विचारलंत.

"बराबर बघितलं, बाई. आता ते सगळं पुसून टाका, नव्याने भरा."

तुम्ही तिथेच, माझ्यासमोर, पुसलंत. बटण कुठलं ते मीच दाखवलं. पुढच्या महिन्यात तुम्ही पुन्हा अंतरवालीला गेलात तेव्हा बाबांना अर्धांगवायू होऊन त्यांची वाचा गेल्ती. हे मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. तुम्ही परत दुकानात आला नाहीत, मीही तुमच्या घरी आलो नाही. दोन वर्षांनी तुमच्या मातीला मात्र आलो आणि मागेच उभा राहिलो.

गेल्या वर्षी एक म्हातारे डॉक्टर त्याच कंपनीचा रेकॉर्डर घेऊन आले. मोठं काम होतं, म्हणून मी आठ दिवस त्याच्या मागे लागलो. कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर शोधलं, माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढला, त्यावर ते चालवलं आणि फाइली साध्या प्रकारात बदलून दिल्या. तेव्हा आठवलं, तुमच्या अकरा फाइलींची प्रत त्याच कॉम्प्युटरवर राहिली असेल. होती. पहिली फाइल लगेच उघडली. आधी कोंबड्यांचा आवाज, मग तुमचा: "सावकाश सांगा बाबा, यात सगळं भरून राह्यलंय." आणि बाबा पहिल्या मुक्कामापासून सांगायला लागले. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि एकटाच ऐकत बसलो.

फाइली पेन ड्राइव्हवर आणि माझ्या मोबाइलवर घेऊन मी अंतरवालीला गेलो. बाबाही आता नाहीत. त्यांच्या लेकीने ओसरीत बसून मोबाइलवर बापाचा आवाज ऐकला. मग म्हणाली, "बाई आल्त्या तवा लई रडल्या. म्हन्ल्या, माझ्याच हातानं पुसलं गेलं. बाबाला बोलता येत न्हवतं, मंग त्यानं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला." माझं नाव तुम्ही तिथे घेतलंच नव्हतं. तिने मला चहा पाजला, जाताना पाया पडली, आणि मी तिला पाया पडू दिलं.

आता मी रोज थोडं थोडं ऐकून उतरवून काढतोय. सात फाइली झाल्या. पुस्तक होईल. वर तुमचं आणि बाबांचं नाव येईल. हा कागद मात्र कुणाला दाखवणार नाही, त्या लेकीला तर नाहीच. कारण एक गोष्ट तिलाही सांगितली नाही. त्या दिवशी प्रत्येक फाइलसमोर तिचा आकार दिसत होता, बाई. फाइली भरलेल्या आहेत हे मला कळलं होतं. मला मेव्हण्याच्या साखरपुड्याला जायचं होतं, आणि तुम्ही लवकर उठावं एवढंच मला हवं होतं.