तीन घरांची एक चूल

भाद्रपद वद्य ४, शके १७८६

बाजारातून रिकामी परत आले! डोक्यावर टोपली, पदराच्या गाठीत पैसे — आणि ज्वारी नाही. वाण्यानं माप पालथं घालून ठेवलेलं. म्हणाला, "उद्या ये बाई, आज भाव ठरला नाही." ज्वारीचा भाव ठरला नाही! असं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

हे इथल्या सरकारी मराठी शाळेत मास्तर. पगार आठ रुपये. माझं लग्न झालं तेव्हा आठ, आजही आठच. हे म्हणाले, समुद्रापलीकडे कापसाचा एक मुलूख आहे, तिथं लढाई लागली. तिथला कापूस बंद, म्हणून विलायतेच्या गिरण्यांना आपला कापूस पाहिजे. त्यापायी लोकांनी ज्वारीच्या वावरातही कापूस पेरला. सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "लढाई त्यायची, अन् भाकर आमची काहून जाते?"

यांनी पागोटं उचललं आणि बाहेरची वाट धरली. मास्तर असून!

भाद्रपद वद्य ६

मोर्णा नदीच्या काठी नत्थुजींची भाजीची वाडी आहे. आमच्याच गल्लीत राहतात, एकटे. बायको जाऊन चार वर्षं झाली. आज एक दलाल त्यांना म्हणाला, वांगी उपटा, कापूस लावा, सोनं पिकल. नत्थुजींनी विचारलं, "सोन्याची भाजी कशी करतेत?" दलाल रागावून गेला. गल्लीतले लोक नत्थुजींना येडं म्हणून राहिले.

आश्विन शुद्ध १

आज घटस्थापना. आणि आज आमच्या अंगणात जे झालं, त्यावर अजून विश्वास बसत नाही.

शेजारची वच्छला अंगणात होतीच, नत्थुजी भोपळा घेऊन आले. बसले. सासूबाईंना म्हणाले, "पार्बताबाई, मी एकटा चूल पेटवतो. तिकडं वच्छला एकटी पेटवते. तुमची पेटतेच. तीन चुलीले तीन ठिकानचं सरपन. एकच पेटवा. ज्याच्याजवळ जे असन ते त्यानं आनावं."

मी सासूबाईंकडे बघत राहिले. तिन्ही घरं माळ्यांची, विटाळाचं काही नाही. पण सासूबाईंच्या चुलीला मला हात लावायला तीन वर्षं लागली होती! वाटलं, आता भोपळा अंगणाबाहेर जाणार. सासूबाईंनी भोपळा उचलला, ठोकून पाहिला, म्हणाल्या, "वच्छले, विळा आन."

झालं. एवढंच!

आश्विन शुद्ध ८

वच्छला माझ्याच वयाची. तिचा नवरा किसनराव वैशाखात आखाजीच्या वेळी कापसाच्या गाड्यांबरोबर अमरावतीला गेला, त्याला पाच महिने होऊन गेले. निरोप नाही, दाणा नाही. चार वर्षांची पोट्टी आहे, ठकी. वच्छलाजवळ चुलीवर आणायला काहीच नाही, म्हणून ती पहाटे उठून तिन्ही घरांचं दळते. मी जात्याला हात लावला की ढकलते. "तू लिही जाय," म्हणते. माझं हे लिहिणं तिला ठाऊक आहे. यांनी अक्षर शिकवलं, शाळेतले एका बाजूनं कोरे कागद आणून देतात. वच्छलानं कधी बाहेर सांगितलं नाही.

आमचं आता असं आहे — सकाळी ज्वारीच्या कण्या, संध्याकाळी भाकर आणि नत्थुजींच्या वाडीतलं जे असेल ते. गूळ बंद. फोडणी एक दिवसाआड. जळण पऱ्हाटीचं, कापसाच्या वाळक्या काड्यांचं. धड लुगडं तिघींत मिळून एकच, माझ्या माहेरचं हिरवं. जिला लग्नाकार्याला जायचं ती नेसते. काल सासूबाई नेसून गेल्या तर वाटेत कोणी तरी त्यांना "दुर्गाबाई" अशी माझ्या नावानं हाक मारली! घरी येऊन हसता हसता डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

आश्विन वद्य ५

आज अंबाडीची भाजी, फोडणीशिवाय. तरी पातेलं पुसून खाल्लं सगळ्यांनी.

कार्तिक शुद्ध २

दिवाळी झाली. पणत्या लावल्या पाच, लगेच मालवल्या.

शाळेला सुट्टी आहे. हे एका ओळखीच्या गाडीवाल्याबरोबर अमरावतीला निघाले. किसनरावाचा शोध काढतो म्हणाले. वच्छलानं निरोप दिला नाही. मी विचारलं, "काही सांगायचं नाही का त्यांना?" ती म्हणाली, "भेटला तं पाहू." नवऱ्यासाठी इतकं कोरडं बोलणं!

कार्तिक शुद्ध १२

किसनराव गेला!

हे दुपारी आले. पायही धुतले नाहीत. अंगणात उभ्यानंच सांगितलं — पटकीनं गेला. सासूबाईंनी हंबरडा फोडला. माझ्या हातातलं पीठ सांडलं आणि मी ते भरत बसले. वेड्यासारखी. पीठ भरण्याची काय वेळ होती ती!

वच्छला रडली नाही. तिनं एकच विचारलं, "मास्तर, तुमी सोता पाह्यलं काय?"

हे म्हणाले, "हो." आणि खाली बघितलं.

मग ती आत गेली. पाट्यावर बांगड्या फोडल्याचा आवाज आला. ठकी विचारून राहिली होती, "माय, काय फुटलं?"

कार्तिक वद्य ६

हे कोणाला सांगायचं नाही. तरी लिहिते, नाही तर फुटेन.

आज दहावा, बातमी आली त्या दिवसापासून मोजून. किसनरावाला भाऊ नाही, मुलगा नाही. नत्थुजींनी यांना सांगितलं, तुमीच पिंड द्या, तुमी शेवटी पाह्यलं त्याले. हे नदीवर बसले. पिंड हातात घेतला आणि तसेच उठले. सगळे बघत राहिले. शेवटी नत्थुजींनी तो दिला. हे घरी आले तर अंग तापलेलं. मी कपाळाला हात लावला तसे म्हणाले —

"तो जिवंत आहे."

मला वाटलं तापात बोलतात.

नाही! किसनराव जिवंत आहे. अमरावतीत दलाली करतो. घर बांधलं. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या. दुसरी बायको केली. यांनी त्याला विचारलं, तुझी बायको, तुझी पोट्टी आमच्या चुलीवर जेवतात, तुला काहीच वाटत नाही? तो म्हणाला, "तिले सांग, किसन मेला. नाही सांगतलं अन् ती इथं उंबऱ्यावर आली, तं पोट्टी हिसकून घेईन. पोट्टी माही हाय."

"म्हणून तुम्ही —" मी म्हटलं.

"म्हणून मी," हे म्हणाले.

शाळेत मुलं खोटं बोलली तर उभं करणारा हा माणूस! यांनी एका जिवंत माणसाला मारून टाकलं, एका बाईला बांगड्या फोडायला लावल्या, आणि माझ्यासमोर लेकरासारखे रडले. राग करू की पाठीवरून हात फिरवू, कळेना. पाठीवरून हात फिरवला. राग अजून आहे.

कार्तिक वद्य ९

तेरावा. त्याच्या लांबच्या भावकीतली वीस माणसं जेवली. आमची महिनाभराची ज्वारी गेली — जिवंत माणसाच्या तेराव्याला! मी वाढत होते आणि तिकडे तो अमरावतीत शेंब्या लावलेले बैल हाकत असेल. नत्थुजींनी वाडीतली सगळी वांगी तोडून आणली होती. सासूबाईंनी माहेरचा तांब्या मोडीत दिला. कोणी कुरकुरलं नाही.

मी माझं ताट सरकवलं. वच्छला म्हणाली, "खाय दुर्गा. झालं तं झालं."

मार्गशीर्ष शुद्ध ५

वच्छला कापसातली सरकी काढायच्या कामावर जायला लागली. दिवस उगवायला दळून होतं तिचं, मग कामावर. मजुरी पैशात नाही, ज्वारीत मागते. आणि सगळी आणून आमच्या कणगीत ओतते.

पौष वद्य ११

कण्या. कण्या. आज परत कण्या.

माघ शुद्ध ९

सासूबाईंनी आज सहज बोलावं तसं म्हटलं, "वच्छलाचा नत्थुजीसंगं पाट लावून देऊ. आपल्यात चालते. एकाच चुलीवर जेवून राहिले दोघं, लोक तोंड उघडायच्या आधी लावून देऊ. पोट्टीलेही बाप भेटन."

माझा हात चुलीतल्या लाकडाला लागला, भाजला. पाट! दुसरं लग्न, नवरा जिवंत असताना! आणि हे ठाऊक असलेले आम्ही दोघंच. यांना विचारलं, आता काय करायचं? हे भिंतीकडे तोंड करून बसले. "तूच सांग," म्हणाले. मीच! खोटं यांनी बोलायचं आणि खरं मी?

माघ शुद्ध ११

सांगितलं.

वच्छला नदीवर धुणं धूत होती. मी शेजारी बसले. म्हटलं, "वच्छला, किसनराव मेला नाही."

तिनं लुगडं पिळलं. झटकलं. दगडावर पसरलं. मग म्हणाली, "मले मालूम हाय."

मी पाण्यात पडायची राहिले!

श्रावणातच एका गाडीवाल्यानं तिला सगळं सांगितलं होतं. घर, दुसरी बायको, चांदी, सगळं. "मंग बांगड्या काहून फोडल्या?" मी ओरडलेच. पलीकडच्या बायकांनी माना वळवल्या. ती हळू बोलली, "टाकलेल्या बाईचा पाट लावायचा तं पंचायत त्याले इचारते. तो फारकतीचा पैसा मांगल, नाही तं पोट्टी मांगल. मेलेल्याले कोनी इचारत नाही. मास्तर अंगनात उभे राह्यले अन् बोलले, तवाच मले समजलं, खोटं हाय. पन मले वाटलं, हे खोटं मायासाठी देवानंच धाडलं."

"आणि तेराव्याची आमची ज्वारी?"

तिची मान खाली गेली. "ते मायावर हाय. तेच तं आनून टाकून राहिली मी कनगीत."

मला वाटत होतं, मीच सगळ्यांपासून लपवून बसले आहे. ती चार महिने माझ्यासमोर बसून भाकर खात होती, आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही.

विचारलं, "नत्थुजींना?"

"त्यायले मी पहिलेच सांगतलं. त्यायच्या घरात मी खोटं बोलून जानार नाही."

म्हणजे आता चुलीभोवतीच्या मोठ्या माणसांत फक्त सासूबाईंना ठाऊक नाही.

चैत्र शुद्ध ३, शके १७८७

पाट झाला. वच्छला हिरवं लुगडं नेसली. बिदाईत सासूबाईंनी तिच्या ओटीत ते लुगडंच देऊन टाकलं! माझं! मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "आपल्याले लागलं तं मांगून आनू." वच्छला तरी रोज जेवायला इथंच. घर बदललं, चूल नाही.

वैशाख वद्य ७

लढाई संपली! हे वर्तमानपत्र वाचून धावत आले. कापूस कोसळला. बाजारात जाऊन पाहिलं तर गाठी उन्हात पडलेल्या, कोणी विचारत नाही. काल शेले पांघरून बसणारे सावकार ओट्यावर उघड्या डोक्यानं बसलेले. एक जण नुसता हसत होता. मला भीती वाटली त्याची, घरी पळत आले.

आमचं काही गेलं नाही. जायला काही नव्हतंच. ज्वारी मात्र अजून तितकीच महाग! नत्थुजींच्या वाडीवर आता रांग लागते. तोच दलालही आला होता वांगी मागायला. नत्थुजींनी दिली. मी असते तर दिली नसती.

ज्येष्ठ शुद्ध ४

आज दुपारी अंगणात आम्ही सगळे जेवायला बसलेले. दारात एक बाई उभी. अनवाणी, तळव्यांना चिंध्या बांधलेल्या, सातवा तरी महिना असेल. म्हणाली, "मी कौशल्या. अमरावतीहून आली. किसनराव इकडं आले काय? आठ दिवस झाले, घर सोडून गेले. घर सावकारानं घेतलं."

सासूबाईंचा घास हातात तसाच. त्यांनी यांच्याकडे बघितलं, मग वच्छलाकडे, मग माझ्याकडे. एकेकाच्या तोंडावर त्यांना सगळं दिसलं.

वच्छला उठली. "मी वच्छला," म्हणाली.

ती बाई दोन पावलं मागं सरली. "तुमी तं मेल्या होत्या! त्यायनं मले सांगतलं व्हतं — पयली बायको पटकीनं गेली म्हून..."

वच्छलानं तिचा हात धरून तिला आपल्या जागेवर बसवलं. मला वाटलं आता सासूबाई दोघींनाही अंगणाबाहेर काढणार. सासूबाई उठल्या. कणगीपर्यंत गेल्या, परत आल्या, आणि काठवटीत आणखी दोन ओंजळी पीठ टाकलं.