रस्त्याकडचं कुंपण

कळंबा, कोल्हापूर
ता. ३ फेब्रुवारी २०२५

चि. दत्तप्रसाद यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर सम्राटचा विषय काढता येत नाही. तो शेजारीच बसलेला असतो. सव्वीस वर्षांचा झाला तरी त्याला घड्याळ कळत नाही, पण आपल्याबद्दल चाललेलं बोलणं बरोबर कळतं. मग जेवत नाही.

रस्ता रुंद करायला आले आणि आपली मेंदी आणि काटेरी तार जेसीबीने एका सकाळीत उपटून नेली. आता अंगण संपतं तिथेच डांबर सुरू होतं. त्यावरून दिवसभर डंपर. तुझ्या भाच्याला गाड्यांचं वेड, हॉर्न वाजला की हा निघाला. आमटीला फोडणी देताना माझी नजर कढईत नसते, दारात असते. रोज काहीतरी करपतं.

म्हणून स्टीलचं कुंपण घालायचं ठरवलं. शंभर फूट लांबी, साडेचार फूट उंची आणि एक फाटक. तिघांकडून इस्टिमेट मागवलं. पहिला फुटावर दर सांगतो, दुसरा किलोवर. तिसरा म्हणाला, मॅडम, आधी ॲडव्हान्स द्या, दराचं बघू की नंतर. पहिल्याचा, म्हणजे शिरोलीच्या धैर्यशीलचा कागद त्यातल्या त्यात माणसासारखा. कुंपण एक लाख दहा हजार, फाटक पस्तीस. खाली बघते तर खड्डे-काँक्रीट वेगळं, रंग वेगळा. मी त्याला विचारलं, बाबा, रंग आणि पाया वेगळा म्हणजे मी कुंपण हवेत उभं करून गंजत ठेवू का? तर म्हणे, सगळे असंच लिहितात.

माझ्याजवळ या कामासाठी दीड लाख आहेत. तू सारा जन्म फाउंड्रीत काढलास, तेव्हा पाईप किती जाडीचा घ्यावा एवढंच सांग. एवढंच.

अदितीला आणि जावईबापूंना आशीर्वाद. तुझा लोभ मला ठाऊक आहे, तो या खेपेला थोडक्यात असावा.

तुझी
अक्का


भोसरी, पुणे
ता. ९ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. अक्कास,
सा. न. वि. वि.

एवढंच सांग म्हणतीस, पण एवढंच सांगून कुंपण हुतंय व्हय? तुझा साडेचार फुटाचा बेत वाचून हसू आलं. साडेचार फूट म्हणजे कोंबड्यांचं खुराडं. सात फूट घे. पाईप दोन एमएमच्या खाली घेऊ नको. वर भाले पाहिजेतच. भाला न्हाय ते कुंपण न्हाय. फाटकाला आतनं कुलूप आणि किल्ली तुझ्या कमरेला.

तू मास्तरीण, धैर्यशीलशी वाद घालत बसशील आणि शेवटी त्याचंच ऐकशील. म्हणून मीच त्याला फोन लावला. एक नमुना करून घरी आणून दाखीव म्हणून सांगितलंय. वरच्या खर्चातला अर्धा मी देतो. न्हाय म्हणू नको, तुझं न्हाय मी लहानपणापासनं ऐकत आलोय.

सम्राटला मामाचा गोड पापा. अदिती म्हणती, आत्त्याला सांगा गॅस बंद करून दारात जात जा.

धाकट्यावर राग धरू नये, एवढी विनंती.

तुझा
दत्ता


कळंबा
ता. २१ फेब्रुवारी २०२५

चि. दत्तप्रसाद यास,
आशीर्वाद. वि. वि.

तुला पाईपची जाडी विचारली होती. तू माझ्या अंगणात किल्ला बांधायला निघालास. सात फुटाला दर किती होतो ते धैर्यशीलने हिशेब करून दाखवलं. तुझा अर्धा धरूनही मला पुढच्या वर्षाची पेन्शन त्याच्या नावे करावी लागेल.

पण मी चिडले आहे ते पैशावरून नाही.

मंगळवारी त्याची माणसं टेम्पोतून तुझा नमुना घेऊन आली. काळा प्राइमर मारलेला, वर भाले. अंगणाच्या कडेला उभा करून, बघून घ्या म्हणून चहा प्यायला गेली. सम्राट बाहेर आला. रोज संध्याकाळी आम्ही जेलच्या भिंतीकडून फिरून येतो, हे तुला माहीत आहे. आत कोण राहतं, असं त्याने मागे कधीतरी विचारलं होतं आणि मी शाळेतल्यासारखं उत्तर दिलं होतं, ज्यांनी काही वाईट केलं ते. तो त्या नमुन्याजवळ गेला. दोन्ही हातांनी गज धरून उभा राहिला. मग वळून मला म्हणाला, "आई, मी काय केलं?"

दत्ता, चौतीस वर्षं मी वर्गात उत्तरं दिली. या प्रश्नावर मी आधी त्याचे हात गजांवरून सोडवले. त्या माणसांना म्हटलं, हे आत्ताच्या आत्ता परत न्या. जायचं-यायचं भाडं मीच दिलं.

आणि दुसऱ्याच दिवशी तो पुन्हा रस्त्यावर. डंपरने करकचून ब्रेक मारला. ड्रायव्हर खाली उतरला. मला म्हणाला, "बाई, पोराला सांभाळा की! मलाबी घर हाय." त्याचं काय चुकलं? सम्राट मात्र टाळ्या वाजवत टायर बघत होता.

म्हणजे कुंपण पाहिजे, आणि गज नकोत. गजांशिवाय कुंपण कोण करतं ते तू सांग. शेजारच्या मोनाताई म्हणतात पत्रे ठोका. पत्रे ठोकले तर त्याला गाड्या दिसणार नाहीत, मग दिवसभर त्या पत्र्यावर डोकं आपटत बसेल. ज्याला त्याला सल्ला द्यायचा आहे. घरात राहायचं आहे ते आम्हा दोघांना.

आज यापेक्षा गोड लिहिता येत नाही. आशीर्वाद आहेतच.

अक्का


भोसरी
ता. २६ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. अदितीनंबी वाचलं.

भाल्यांचं सोड. पण कुंपणाचं मी सोडणार न्हाय, तू कितीबी चिड. त्या डंपरवाल्याचा ब्रेक लागला, दरवेळी लागंलच असं न्हाय. तुला वाईट वाटलं म्हणून त्याला उघड्यावर ठेवायचं का? तूच सांग.

मी शनिवारी येतोय. आठवडाभर राहीन. सम्राटला रोज धैर्यशीलच्या शेडवर घेऊन जातो. पाईप कापताना, रंगवताना त्याला बघू दे. वेल्डिंगच्या वेळी लांब बसवीन, काळजी करू नको. दुसऱ्यानं आणून उभं केलेलं त्याला भ्या दाखवतंय, मग त्याच्यासमोर होऊ दे की. आणि एक. किल्ली तुझ्या कमरेला नको, त्याच्या गळ्यात घाल. ज्याच्याकडं किल्ली तो काय कैदी न्हवं. फाटक उघडलं की तुझ्या स्वयंपाकघरात घंटी वाजंल अशी सोय करू.

हे जमंलच असं मी म्हणत न्हाय. फाटकाचे पैसे माझे, त्यावर पत्र लिहू नको.

पिठलं-भाकरी करून ठेव. बाकी रागवायचं ते समोरासमोर.

तुझा
दत्ता


कळंबा
ता. ६ एप्रिल २०२५

चि. दत्तप्रसाद यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी काम पुरं झालं. साडेचार फूट, वर गोल पाईप, आणि शंभर फूट लांब पिवळा जर्द रंग. तू त्याला रंग निवडायला सांगितलास आणि निघून गेलास. लोकांना तोंड मी देते. येणारा-जाणारा विचारतो, इथं बालवाडी निघाली काय? एकूण खर्च दीड लाखाच्या वर गेला तो गेलाच. धैर्यशीलने वेगळा लावलेला रंग शेवटी निम्म्यात दिला, कारण दोन हात सम्राटने मारले, असं तो म्हणतो. निम्मा रंग त्याच्या शर्टावर आहे, तो धुऊन निघत नाही.

गजांना तो आता घाबरत नाही. उभा राहून गाड्या बघतो, हॉर्न वाजला की गळ्यातली किल्ली चाचपतो आणि जागेवरच राहतो. का राहतो, मला ठाऊक नाही. एकदा घंटी वाजली, मी पळत गेले, तर फाटक उघडून, पाऊल बाहेर न टाकता, पुन्हा लावून बघत होता. अजून माझी भीती गेलेली नाही. पण परवा भात करपला नाही.

नवा ताप मात्र तू लावून गेलास. नाव सांगितल्याशिवाय तो कुणाला आत घेत नाही. दूधवाल्याला नाव विचारतो. मीटर बघायला आलेला माणूस नाव न सांगता ओरडला, त्याला उन्हात उभं केलं. मी आतून विनवण्या करतेय आणि हा ढिम्म.

काल माझा नंबर लागला. मोनाताईंना घरी बसवून मी मंडईत गेले होते. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन परत आले, तर फाटक बंद. आत हा खुर्ची टाकून बसलेला. विचारलं, "कोण हाय?" म्हटलं, आई. तर म्हणतो, "आई तर हायस, नाव काय?" मी रागावले, मोठ्याने बोलले. मोनाताई पायरीवर बसून हसत होत्या. हा हलला नाही. पोरांनी बाई म्हटलं, तू अक्का म्हणतोस, हा आई म्हणतो. तुझे भाऊजी गेल्यापासून मला नावाने हाक मारणारं कुणी राहिलं नाही, आणि हे मीही कुणाला बोलून दाखवलेलं नव्हतं. पिशव्या खाली ठेवल्या, पिवळा पाईप धरला आणि म्हटलं, "क्रांती."

तो जरा विचार करून म्हणाला, "चांगलं हाय." मग उठला आणि कुलूप काढलं.

मे महिन्यात अदितीला घेऊन ये. फाटकाशी नाव नीट सांगायचं, दत्ता म्हटलेलं चालणार नाही. ओळख ठेव.

तुझी
क्रांतीअक्का