मैनानं सोडलं का?

१० नोव्हेंबर, सोमवार

लिहा म्हणे! डॉक्टरीणबाईंचं काय जातंय! "रोज कितीदा चिडलात, कशावरून चिडलात, लिहून काढा. सकाळी दहा श्वास, सावकाश. महिन्यानं परत या. बीपी उतरलं नाही तर मग गोळ्या." चौतिसाव्या वर्षी एकशे पन्नास बाय शंभर! मी म्हटलं, मशीन बिघडलं असेल. त्या नुसत्या हसल्या.

खताच्या दुकानानं फुकट दिलेली मागच्या वर्षीची डायरी सापडली. तिच्यावरच्या तारखा खोडून लिहितेय.

निघताना त्यांनी विचारलं, "घरात तुम्हाला कोणी घाबरतं का?" मी म्हटलं, छे हो, मला कोण घाबरणार! शेजारी धनू बसलेली, माझी आठ वर्षांची लेक. तिनं माझ्या मांडीवरचा आपला हात हळूच काढून घेतला. आष्टीहून गावात येईपर्यंत ते काही डोक्यातून गेलं नाही.

११ नोव्हेंबर

चिडले – सात वेळा. त्यातली सहा माझ्या सरकारी दाखल्यांच्या सेवा केंद्रात. सर्व्हर बंद, दारात रांग, आणि प्रत्येकाला वाटतं सर्व्हर मीच बंद केलाय! एका आजीला ओटीपी विचारला तर मोबाईल पोरापाशी, आणि पोरगा ऊसतोडीला सांगलीकडं.

श्वास घेतले – तीन. चौथ्याला कुकरची शिट्टी झाली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आत्याबाईंचं उद्या बीडला मोतीबिंदूचं ऑपरेशन. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, छबुबाई. नंतर महिनाभर वाकायचं नाही, गोठ्यात जायचं नाही. मग मैनाची धार कोण काढणार? सहा वर्षं या म्हशीनं त्यांच्याशिवाय कोणाला सडाला हात लावू दिलेला नाही. आमचे हे एसटीचे ड्रायव्हर, दिवसाआड पुण्याला मुक्काम. त्यात यांच्या अंगाला डिझेलचा वास येतो म्हणून मैना यांना शिंगं दाखवते. म्हणजे राहिले कोण? मीच!

आत्याबाई म्हणाल्या, "सत्यभामे, तिला हात कळतो बग. रागाचा हात असला की दूध वर वडून घेती. पंधरा दिवस असं झालं तर आटून जाईल."

"म्हशीला काय कळतंय, आत्याबाई!"

"तू गोठ्यात पाय ठिवला की तिला कळतं, आज तुजा सर्व्हर चालू हाय का बंद!"

धनू खो खो हसली. मलाही हसू आवरेना. म्हातारी लई बेरकी आहे, पण तिच्याशिवाय या घरात करमत नाही हेही खरं.

धनू आजीचं बोट धरून गाडीपर्यंत गेली. तिचं सगळं आजीपाशी. दात पडला तरी मला दोन दिवसांनी कळतं.

१६ नोव्हेंबर

अर्धा लीटर! आत्याबाई चार काढतात. पारडू सोडलं, कास कोमट पाण्यानं धुतली, पुढ्यात पेंड ठेवली. सगळं रीतीनं केलं. तेवढ्यात फोन वाजला. एका हातात फोन, एका हातात सड, आणि मी फोनवर ओरडतेय. मैनानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. संपलं!

धनू गोठ्याच्या मेढीला टेकून उभी. "मैनानं सोडलं का?"

"नाही सोडलं! जा, दप्तर भर."

१९ नोव्हेंबर

आत्याबाई परत आल्या. काळा चष्मा घालून ओट्यावर खुर्ची टाकून बसल्यात. मी म्हटलं, हिरोईन दिसताय. "हिरोईनीला च्या आण," म्हणाल्या.

मग तिथूनच हुकूम सुटले. "फोन घरात ठिव. कपाळ तिच्या पोटाला टेकव. आता ती श्वास घेईल तवा तू घे. ती सोडंल तवा तू सोड. मंग हात लाव."

म्हशीचा श्वास किती सावकाश असतो! मला आधी दमच निघेना. मग जमलं. दहा झाले तेव्हा ध्यानात आलं – अगं बाई, हे तर डॉक्टरीणबाईंचंच! त्यांनी फी घेतली, मैनानं फुकट शिकवलं.

दीड लीटर. धनू हजर. "सोडलं का?" "थोडं." "थोडं म्हंजे किती?" तुला लई पुळका गं म्हशीचा!

२२ नोव्हेंबर

गावातल्या म्हाताऱ्या तात्याबांचा अंगठा केंद्रातल्या मशीनवर उठेना. चौथी खेप. एरवी मी म्हटलं असतं, आता घरी जा. आज मैनाचा श्वास आठवला, पाच घेतले. त्यांचा अंगठा कोमट पाण्यानं धुतला, पुसला, ठेवला. उठला!

तात्याबा जाता जाता म्हणाले, "बाई, तब्येत बरी हाय न्हवं? आज वरडल्या न्हाईत म्हून इचारलं."

२५ नोव्हेंबर

माती केली सगळ्याची. संध्याकाळी घरी आले तर धनू टीव्हीला नाक लावून बसलेली. "आत शिरतेस का टीव्हीत?" वही उघडली. फळ्यावरून उतरवलेली सहा गणितं, त्यातली चार उतरवतानाच चुकलेली. तिनाचा आठ, पाचाचा काहीच्या काही. खाली बाईंचा शेरा – लक्ष नाही. का म्हणून लक्ष नाही? मी दिवसभर लोकांची बोलणी खाते ती कोणासाठी? वही फेकली. कॉटखाली गेली.

पोर रडली नाही. वाकून वही काढली, मुडपलेलं पान हातानं सरळ केलं, दप्तरात ठेवली. मला माझीच शिसारी आली.

२६ नोव्हेंबर

मैनानं लाथ मारली. दुधाची चरवी उपडी, मांडी काळीनिळी. धनू आज विचारायलासुद्धा आली नाही.

दुपारी आत्याबाईंनी हळद-तेल चोळून दिलं. चष्म्याआडून मला म्हणतात, "मला बी आधीची म्हैस लई मारायची. मी काय कमी तापट व्हते? तुजा नवरा, भागवत, शाळेतून आला की आधी शेजारी जायचा. आई कशीय, इचारून घ्यायचा, मंग घरात यायचा."

"मग?"

"मंग म्हशीनं सुधरिवलं मला. पण तवर त्यो मोठा झालता. आजूनबी मला काई सांगत न्हाई. जेवलो, झोपतो, येवढंच."

हे खरंच आहे. आमचे हे आईच्या पाया पडतात, औषधं आणतात, जीव टाकतात. बोलत मात्र नाहीत. माझं आणि धनूचं असं झालं तर? मांडीचं दुखणं विसरले मी.

२८ नोव्हेंबर

वेणी घालताना धनूला म्हटलं, चुकलं माझं. "कशाचं?" "वहीचं." "बरं," म्हणाली. मागं वळून बघितलं नाही, पण डोकं माझ्या पोटाला टेकवून बसली. दोन वेण्यांना अर्धा तास लावला मी!

२ डिसेंबर

अडीच लीटर. फोन घरात, पिठाच्या डब्यावर. मेढीपाशी धनू परत उभी राहायला लागलीय. गुणाची माझी.

६ डिसेंबर, शनिवार

दिवसभर सर्व्हर बंद. चिडले – एकदा. तेही सर्व्हरवरच, माणसावर नाही.

सकाळी सव्वातीन लीटर. "मैनानं सोडलं का?" "सोडलं." "सगळं?" "नाही गं, अजून आत्याबाईंइतकं नाही." नखं कुरतडत जरा वेळ थांबली. मग पळाली. हिला दुधाची एवढी काळजी, आणि कप पुढं केला की नाक मुरडते!

९ डिसेंबर

एकशे तीस बाय चौऱ्याऐंशी! गोळी नाही. येताना पेरू घेतले, मैनाला दोन चारले.

डॉक्टरीणबाईंनी परत तेच विचारलं, घरात कोणी घाबरतं का? या वेळी मी म्हटलं, विचारून सांगते.

१० डिसेंबर, बुधवार

चार लीटर. पूर्ण!

धनूनं विचारलं, "सोडलं का? सगळं?" मी म्हटलं, सगळं. जवळ आली. चरवीत वाकून बघितलं, खात्री केली. मग म्हणाली, "मंग आता सांगू? मम्मी, मला फळ्यावरचं दिसत न्हाई. दुसरीपासून. मी रोज बघायला यायचे, मैना काय म्हणती तुज्याबद्दल."

माझा हात जागीच थांबला. ती लगेच एक पाऊल मागं सरकली. मी कपाळ मैनाच्या पोटाला टेकवलं. ती श्वास घेईल तेव्हा घेतला, सोडला तेव्हा सोडला. डोळे गळत होते, गळू दिले. मग एक हात मागं पसरला. धनू आली.

आज केंद्र बंद. आत्ता बीडच्या गाडीत लिहितेय. आत्याबाईंचेच डोळ्यांचे डॉक्टर. धनू खिडकीशी बसलीय आणि तोंड बंद नाही तिचं. चार गावं मागं गेली, अजून सांगतेच आहे.