भाव पाटीवर आला

कळंब,
ता. ४ मार्च १९६१

तीर्थस्वरूप धोंडीबादादांस,
ज्ञानोबाचा नमस्कार. मी खुशाल आहे. थोडा खोकला आहे. पत्र वाचून दाखवणाऱ्या जलीलभाईंनी एवढं वहिनींपुढं वाचू नये.

“शिकून गावाच्या पदरात काय पडतं?” असं तुम्ही विचारलं होतं. याच प्रश्नावर माझा प्रौढांचा वर्ग मोडायला आला होता. काल बाजारात उत्तर मिळालं.

वर्गातल्या धुरपदाबाईंनी तूर विकायला आणली. रिवाजाप्रमाणं आडत्या आणि व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवू लागले, म्हणजे आकडा त्या दोघांनाच कळावा. बाई म्हणाल्या, “रुमाल काढा, शेट. भाव पाटीवर लिवा.”

आडत्याशेट हसले. “लिवला तर वाचणार कोण, मावशे?”

“म्या, अन् ह्ये समदे!” मागं आमचा सगळा वर्ग उभा होता.

आकडा पाटीवर आला. बाईंनी तो मोठ्यानं वाचला, तसा दुसरा व्यापारी त्याहून चढा भाव बोलला, मग तिसरा. संध्याकाळपर्यंत सगळे रुमाल खांद्यावर गेले! आज वर्गात बसायला जागा नव्हती.

दादा, आपली तूर एवढ्यात विकू नका. सुट्टीत मी पाटी घेऊन येतो. आधी तुम्ही आकडे शिका, मग दोघं मिळून बाजारात जाऊ.

तुमचा धाकटा,
ज्ञानोबा