आटवलेलं पाणी

हिंगणा,
६ मे २०२४

सौ. कुसुमताईंना सा. न. वि. वि.

जावईबापूंच्या डब्याच्या पिशवीत ही चिठ्ठी घालते आहे. फोनवर तुम्हाला माझं ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की शेजाऱ्यांना वाटतं विहिणींचं भांडण जुंपलं. ऋषीरावांची कंपनी इथेच आहे, ते रोज बर्डीहून येतात-जातात, तेच आपले पोस्टमन.

बाळंतपणानंतर चिन्मयी आता हिंडू-फिरू लागली आहे. दूध मात्र तिला पुरेसं येत नाही. शतावरी झाली, अळिवाची खीर झाली, तरी आपली तान्ही मुग्धा उपाशी रडायची, म्हणून डॉक्टरांनी पावडरचं दूध सुरू करायला सांगितलं. ते ती पोटभर पिते. पण गेले काही दिवस तिच्या ओठांभोवती मला काळसर झाक दिसते. नखंही तशीच. मधूनच पातळ शीही होते. चिन्मयी म्हणते, आई, तुझा चष्मा बदल. कामाला येणारी सरिता म्हणाली, लेकराले ऊन बाधलं असंन बाई. माझा जीव मात्र थाऱ्यावर नाही. आमच्या या नव्या प्लॉटांच्या लेआउटला अजून नळ आलेला नाही, सगळा कारभार बोअरच्या पाण्यावर. पाण्यानेच तर होत नसेल ना? तुमच्या हाताखाली घरातली चार बाळं वाढली, म्हणून विचारते.

लेकीवर करता तितकाच लोभ माझ्यावरही करावा.
आपली,
प्रमोदिनी

सीताबर्डी,
७ मे

सौ. प्रमोदिनीताईंस स. न. वि. वि.

चिठ्ठी भाजीच्या डब्याखाली चेपून आली, एका कोपऱ्याला तेल लागलं, पण तुमचं अक्षर काही बिघडलं नाही. ऋषीला ओठांचं विचारलं तर माझ्या कानाशी येऊन ओरडला की उन्हाळा आहे, तू काहून घाबरून राहिली. बापांच्या नजरेवर विसंबू नका. पोरगी कोणावर गेली हेसुद्धा त्याला मीच दाखवून दिलं.

तुमची शंका मला पटते, बोअरचंच पाणी बाधत असणार. अहो, नुसती एक उकळी आणून भागत नाही. आमच्या सासूबाई बाळाचं पाणी पातेल्यात अर्धं होईपर्यंत आटवायच्या, मग कपड्याने गाळून ठेवायच्या. ऋषी त्याच पाण्यावर वाढला आणि कसा धडधाकट झाला ते तुम्ही पाहताच. तेव्हा आजपासून तसंच करा. गॅसकडे बघू नका. हे वरपक्षाचं फर्मान समजा! चार दिवसांत पोरीचे ओठ डाळिंबासारखे होतील.

चिन्मयीला आशीर्वाद. माझ्या नातीला माझ्या वाटची एक पापी.
तुमची विहीण,
कुसुम

हिंगणा,
११ मे

सौ. कुसुमताईंना नमस्कार.

घाईत लिहिते. आमच्या लेआउटमधले रुपराव बर्डीला निघालेत, त्यांच्या हाती देते. तुम्ही सांगितलं तसं पाणी आटवत होते. अर्धं म्हणालात, मी भीतीपोटी त्याहूनही कमी होऊ दिलं. त्याच पाण्यात दूध कालवून पाजलं. आज सकाळपासून मुग्धाचे ओठ पाटीसारखे काळपट झालेत, तळपायसुद्धा. भूक लागली तरी रडत नाही, नुसती पडून आहे आणि छाती भरभर हलते. चिन्मयी आता चष्म्याचं काही बोलत नाही. शेजारची नीला गाडी काढते आहे, ऋषीराव कामावरून निघाले. दवाखान्यात जातो. देवापाशी दिवा लावा. मला फार भीती वाटते.

प्रमोदिनी

सीताबर्डी,
१५ मे

प्रिय प्रमोदिनीताई, स. न. वि. वि.

काल दवाखान्यातून परतले. मुग्धाच्या गालांवर रंग आला आहे, माझं बोट तिने घट्ट धरलं होतं. त्यावेळी तुम्ही घरी कपडे आणायला गेला होता. म्हणून हे लिहिते.

डॉक्टर काय म्हणाले ते ऋषीने मला नीट समजावलं. तुमच्या बोअरच्या पाण्यात नायट्रेट फार आहे. शेतातलं खत आणि लेआउटमधल्या संडासाच्या टाक्या, सगळं झिरपून खाली जातं. मोठ्यांना ते सहसा लगेच जाणवत नाही, पण तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. काढलेलं रक्त चॉकलेटी दिसत होतं म्हणे. आणि उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी वाफ होऊन उडतं, विष पातेल्यातच राहतं. जितकं आटवावं तितकं दाट.

इतकं आटवायला कोणी सांगितलं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, मलाच सुचलं. चिन्मयी तुम्हाला नाही नाही ते बोलली, तेही मान खाली घालून ऐकलंत. काहून हो? लेकीला उद्या माझ्या घरी नांदायचं आहे, सासू-सुनेत वितुष्ट नको, म्हणूनच ना? मला रात्रभर रडू आवरलं नाही. आज पुन्हा जाऊन मी चिन्मयीच्या समोर बसले आणि सांगितलं की तुझ्या आईने माझं ऐकलं, सांगणं माझं होतं. ती उठून खिडकीपाशी गेली.

डॉक्टरांना विचारून घेतलंय, ऋषी रोज इथलं नळाचं पाणी आणेल.

राग आला असेल तर धरा, पण लोभ तोडू नका.
तुमची अपराधी,
कुसुम

हिंगणा,
२१ मे

सौ. कुसुमताईंना सा. न. वि. वि.

स्वतःला असं दूषण लावू नका. सांगणं तुमचं होतं, पण पातेलं माझ्या हातात होतं, आणि जीव दोघींचाही त्या पोरीतच होता. लेआउटमध्ये घरोघरी जाऊन सांगून आले. नीलाला सातवा महिना आहे, तिने कालपासून बोअरचं पाणी बंद केलं.

दवाखान्यातून घरी आल्यापासून मी बाटलीला हात लावला नव्हता. चिन्मयी स्वतः पाणी ओतते, स्वतः कालवते, मी दूर बसून बघते. ती तुमच्यावर चिडली आहे, माझ्यावरही, आणि तिचं चुकतं असं मला वाटत नाही. आज सकाळी मात्र तिने मुग्धाला माझ्या मांडीवर ठेवलं, तयार बाटली हातात दिली आणि न्हाणीत गेली. बाटली जरा तिरपी धरली गेली, थोडं दूध तिच्या गळ्यावर सांडलं. मुग्धा डोळे मिटून ओढत होती. तिच्या ओठांवरून मी नजर हलवली नाही. चिन्मयी केस पुसत बाहेर आली, तिने आधी मुग्धाचे ओठ पाहिले, नखं पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. बाटली तिने काढून घेतली नाही.

एकदा येऊन जा. मायेत अंतर पडू देऊ नका.
आपली,
प्रमोदिनी