लॉरेटाच्या गालावरची पेन्सिल

प्रिय क्लॅरन्स,

तुझ्या एका निगेटिव्हला मी तुला न विचारता हात लावला आहे. तू असतास तर आधी विचारलं असतं, आता नुसतं कळवतो. तू जाऊन वर्ष होत आलं. काल तुझ्या चर्चच्या हॉलमध्ये तुझ्या फोटोंचं प्रदर्शन झालं, आणि ते नीट पार पडेपर्यंत हे लिहायचा मला धीर नव्हता. मराठीतच लिहितोय. शाळेत सातवीपर्यंत एवढंच पक्कं झालं, आणि माझं इंग्रजी तरी तुला कुठे कळत होतं?

आठवतं का, पंधरा वर्षांपूर्वी मी अमेरिकेत मुलाकडे आलो, तेव्हा त्यानं मला पासपोर्टच्या फोटोसाठी ट्रेन्टनला तुझ्या स्टुडिओत आणलं होतं? फोटो राहिला बाजूला, मला आतून फोटो धुण्याच्या हायपोचा वास आला. सांगलीला तीस वर्षं मी त्याच वासात काढली होती. मी विचारलं, "डार्करूम?" तू पडदा बाजूला केलास. दुसऱ्या दिवसापासून मी वेस्ट विंडसरहून ट्रेननं तुझ्याकडे येऊ लागलो. सगळे मला काका म्हणतात म्हणून तूही म्हणायला लागलास, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा असून.

तुझ्या भिंतीवर सगळी तुमचीच काळी माणसं. न्हाव्याच्या खुर्चीत बसलेली पोरं, रविवारच्या टोप्या घातलेल्या बायका, बाप्तिस्म्याच्या पाण्यातून वर येणारा म्हातारा. मी म्हटलं, एवढे फोटो कशाला? तू म्हणालास, "पेपरवाले आमच्या गल्लीत येतात ते पोलिसांच्या गाडीमागून. मग आमचे वाढदिवस कोण काढणार, काका?"

आणि अशा माणसाच्या कामात मी काय करून ठेवलं?

तुमच्या गल्लीतली लॉरेटा एकदा लग्नाचा पोशाख घालून आली होती. तू तिच्या दोन निगेटिव्ह काढल्यास, तळहाताएवढ्या. तू बाहेर गेलास आणि मी बारीक पेन्सिल घेऊन एकीवर बसलो. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल फिरते तिथे फोटोत पांढरं उठतं. आमच्याकडे नवरीचा चेहरा उजळ केल्याशिवाय फोटो द्यायचाच नाही, अशी रीत. दोन तास खपलो. तू खूश होशील असं वाटलं होतं.

तू परत आलास, मी केलेला फोटो उजेडात धरलास. रागावला नाहीस. "छान मुलगी आहे," म्हणालास. "कोण ही?"

मला भुईत शिरावंसं वाटलं. नंतर तूच मला शिकवलंस, खिडकीचा उजेड पांढऱ्या चादरीवरून गालावर कसा आणायचा, काळ्या रंगातल्या छटा कशा राखायच्या. लॉरेटाला दुसऱ्या निगेटिव्हचा फोटो मिळाला. माझी ती पेन्सिल फिरवलेली फेकून दे म्हटलं, तर तू हसलास. "मी काही फेकत नसतो." हेच तर नडलं, बाबा.

गेल्या महिन्यात तुझी लेक डेनिस प्रदर्शनासाठी तुझी खोकी उघडून बसली. मदतीला मी. लॉरेटाची चांगली निगेटिव्ह काही सापडेना. कुठे ठेवलीस रे? लॉरेटाच्या घरचा फोटोही तळघरात पाणी शिरून गेलेला. राहिली माझी. डेनिसनं ती स्कॅन केली, स्क्रीनवर बघितली आणि म्हणाली, "डॅडचा उजेड इथे चुकलाय, काका. ही कॅन्सल करू या."

तुझा उजेड चुकला? तुझा? माझं पाप तुझ्या नावावर जाणार होतं, आणि मी तोंड मिटून बसलो. तीन दिवस घास गिळवेना. माझी बायको, सुमन, विचारते, "बीपीची गोळी चुकली का?" शेवटी तिला सांगितलं.

"मग सांग की त्या पोरीला. खाते का काय ती तुला?"

सांगितलं. डेनिस म्हणाली, "यू डिड व्हॉट?" आणि मग टेबलावर डोकं ठेवून हसत सुटली. अगदी तुझ्यासारखी.

टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पेन्सिल निघते हे मला ठाऊक होतं. पण फिल्म ओरखडली तर? उरलेला चेहराही गेला तर? आधी दोन टाकाऊ निगेटिव्हवर हात बसवला, मग हिला घेतलं. कापूस करडा होत गेला. डेनिसनं पुन्हा स्कॅन केलं आणि खुर्ची पुढे ओढून स्क्रीनजवळ बसली. तुझा उजेड जिथल्या तिथे होता, गालाच्या हाडावर, ओठाच्या कडेला.

काल तोच फोटो दाराशी लावला. लॉरेटा आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "हा माझ्या आजीचा चेहरा आहे. आजीचा एकही फोटो नाही आमच्याकडे."

मला राहवेना. तिलाही सगळं सांगून टाकलं.

"मला गोरं केलं होतंस?" ती म्हणाली. "अरे, माझ्या नवऱ्यानं मला चर्चच्या दारातून परत पाठवलं असतं." तिचा नवरा मागून म्हणाला, "संधी हुकली माझी," आणि पाठीत गुद्दा खाल्ला त्यानं.

घरी येऊन सुमनला हे सांगत होतो, तर तिनं आमच्या दिवाणखान्यातल्या लग्नाच्या फोटोकडे बोट केलं. "आणि माझ्या सवतीचं काय?"

तो फोटो सांगलीत मीच केला होता, अशीच पेन्सिल फिरवून. शेहेचाळीस वर्षं सुमन त्यातल्या बाईला सवत म्हणते आणि मी हसण्यावारी नेतो. मला वाटायचं, थट्टा आहे. तुला लगेच कळलं असतं, नाही का?

त्याची निगेटिव्ह अजून सांगलीला भावाच्या कपाटात आहे. तुला शब्द देतो, दिवाळीला जाईन तेव्हा ती माझ्या हातानं पुसेन, आणि तू शिकवलंस तसा सावळा रंग राखून फोटो करीन. सुमन म्हणाली, "पुसताना माझं नाक पुसू नकोस म्हणजे झालं." ते सांभाळीन. मग भिंतीवरची ती बाई खाली उतरेल, आणि मी जिच्याशी लग्न केलं ती वर जाईल.

तुझा,
काका